गोल उमटला नाही म्हणून



सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये एक प्रयोग हमखास दिसतो. पेट्री डिशमध्ये आगरचा थर, त्यावर पसरलेले जिवाणू. थराला बारीक भोक पाडून त्यात कडुनिंबाचा किंवा तुळशीचा अर्क सोडायचा आणि डिश ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायची. अर्क मारक असेल तर सकाळी भोकाभोवती स्वच्छ गोल दिसतो. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. गोल नसेल तर वनस्पती बाद.

ही बाद करण्याची घाई मला खटकते. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. अशा वेळी चुकीची परीक्षा घेऊन वनस्पती टाकून देणं परवडणारं नाही.

अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेलं संशोधन पाहा. त्यांनी दारुहळदीच्या जातकुळीतली झुडपं अभ्यासली. त्यांतलं बर्बेरिन हे पिवळं द्रव्य जिवाणूंना मारक; पण जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस त्याला सहसा बधत नाही. त्याच्या पेशीच्या पटलात नॉर-ए नावाचा प्रथिनाचा पंप असतो. होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसा तो बर्बेरिन बाहेर फेकतो. नॉरफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकंही तो अशीच घालवतो.

त्याच झुडपांत आणखी एक द्रव्य सापडलं, मेथॉक्सीहिडनोकार्पिन. ते एकटं दिलं तर जिवाणूंना काहीच होत नाही. गोल उमटायचा प्रश्नच नाही. बर्बेरिनच्या जोडीला दिलं, की पंप बंद पडतो, बर्बेरिन पेशीत साचतं आणि जिवाणूची वाढ थांबते. हे द्रव्य आधी चालमोगऱ्याच्या तेलात अल्प प्रमाणात आढळलं होतं. कुष्ठरोगावरचं जुनं औषध ते हेच तेल. आपल्या सह्याद्रीतलं कडू कवठ याच चालमोगऱ्याचं सगोत्र.

तेव्हा विद्यार्थ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, अर्क एकटा तपासून थांबू नका. ९६ खळग्यांची प्लेट घ्या, खळग्यांत जिवाणू सोडा. आडव्या दिशेने प्रतिजैविकाचं प्रमाण निम्म्यानिम्म्याने उतरवा, उभ्या दिशेने अर्काचं. दुसऱ्या दिवशी कोणता खळगा जिवाणू वाढून गढूळ झाला आणि कोणता नितळ राहिला, ते पाहा. प्रतिजैविक एकटं असताना जो खळगा गढूळ राहिला, तो अर्काच्या सोबतीने नितळ झाला, तर त्या वनस्पतीचा पिच्छा सोडू नका. आणि अर्क ज्यात काढला तो द्रावक, उदाहरणार्थ अल्कोहोल, नुसताही एका खळग्यात घाला. जिवाणू अल्कोहोलने मरायचे आणि श्रेय पाल्याला मिळायचं, असं होता कामा नये. पुढे तोच अर्क माणसाच्या पेशींना इजा करतो का, हेही तपासावं लागतं.

शिवाय बर्बेरिन पोटात घेतलं तरी रक्तात फारच थोडं उतरतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करून दारुहळदीचा काढा घ्यायला या संशोधनाचा आधार नाही.