खेळण्यांची आंघोळ



आज आपण खेळण्यांविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, गुरुजींना दुसरा विषय मिळाला नाही का? पण हा विषय पोरखेळाचा नाही.

खुरपणीचे, कापूस वेचणीचे दिवस आले की बाया सकाळीच रानात जातात. अंगणवाडी काही तासच चालते. मग लहान मुले शेजारच्या एखाद्या मावशीकडे राहतात. मावशी आपल्या घरात पाच-सहा मुले सांभाळते. शहरात याला पाळणाघर म्हणतात. गावात आपण असे नाव देत नाही, पण काम तेच आहे. हे काम फार मोलाचे आहे. मावशीच्या भरवशावर पाच घरच्या बाया मजुरीला जातात.

अशा घरात सकाळी खेळण्यांची टोपली उपडी होते. चेंडू, खुळखुळा, प्लॅस्टिकची मोटार, चिंध्यांची बाहुली. एक मूल खुळखुळा तोंडात घालते, चघळते आणि टाकून देते. दुसरे रांगत येते. तोच खुळखुळा उचलते आणि तोंडात घालते.

आता सांगा, आपण दुसऱ्याच्या उष्ट्या वाटीत जेवतो का? नाही. वाटी घासतो, विसळतो, मग घेतो. मग खुळखुळ्याने काय पुण्य केले? तो तर पाच तोंडांतून फिरून आला! खेळणे म्हणजे मुलांचे उष्टे भांडे. आजच्या बोलण्यातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवा.

उष्ट्या खेळण्यातून रोग कसा फिरतो ते पाहू. एका मुलाला हगवण लागली. त्याला धुतले, पण हात साबणाने धुवायचे राहिले. त्याच हाताने चेंडू उचलला. चेंडूवर रोगाचे जंतू बसले. ते डोळ्यांना दिसत नाहीत. हगवणीचा रोटाव्हायरस नावाचा एक विषाणू आहे. तो कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस टिकतो. चेंडू दुसऱ्या मुलाच्या तोंडाला लागला की दुखणे दुसऱ्या घरी गेले. सर्दी, खोकला आणि जंतही असेच पसरतात. मग पाच मुले आजारी, पाच बायांची मजुरी बुडाली आणि दवाखान्याचा खर्च वेगळाच. हगवणीने अंगातले पाणी जाते. त्यात तान्ह्या मुलाचा जीवही जाऊ शकतो.

कोणी विचारील, "गुरुजी, जे दिसत नाही ते मानायचं कसं?"

हा प्रश्न जुना आहे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तेथील मोठ्या दवाखान्यात १८४७ साली सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या विभागात पुष्कळ बाळंतिणी तापाने मरत. तेथले डॉक्टर प्रेते तपासत आणि तेच हात घेऊन बाळंतिणीकडे जात. सेमेलवाइस यांनी नियम केला की, क्लोरीन असलेल्या चुन्याच्या पाण्यात हात धुवूनच बाळंतिणीला शिवायचे. एप्रिल महिन्यात शंभरातल्या सुमारे १८ बाया मरत होत्या. जून महिन्यात हा आकडा सुमारे २ वर आला. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. पुष्कळ डॉक्टरांनी सेमेलवाइस यांचे म्हणणे मानले नाही. पण बाया वाचल्या.

ते औषध आज आपल्या गावात आहे. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर तीच. तिने खेळणी कशी धुवायची, ते नीट ऐका. कामे तीन आहेत.

पहिले काम घासण्याचे. कोमट पाणी आणि साबण घ्या. खाचा जुन्या ब्रशने घासा. मग साध्या पाण्याने धुवा. हे काम टाळू नका. घाण तशीच राहिली तर औषधाचा जोर घाणीतच संपतो. शिवाय जंतांची अंडी टीसीएलने मरत नाहीत, ती घासूनच काढावी लागतात. न घासता खेळणी औषधात बुडवणे म्हणजे आधी कळस, मग पाया.

दुसरे काम औषधाचे. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्या. दर १ लिटर पाण्याला चहाचा अर्धा चमचा ताजी टीसीएल घाला. चमचा सपाट भरा, शीग नको. ढवळा आणि चुना खाली बसू द्या. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. त्यात खेळणी १० मिनिटे पूर्ण बुडवून ठेवा.

तिसरे काम विसळण्याचे. साध्या पाण्याने खेळणी चांगली विसळा आणि उन्हात वाळवा. ओली खेळणी टोपलीत भरली तर बुरशी येते.

"नुसतं ऊन दाखवलं तर चालणार नाही का?" ऊन चांगलेच, पण चिकटलेली लाळ ऊन काढत नाही. आधी धुणे, मग ऊन.

सगळ्या खेळण्यांना एक रीत चालत नाही. लाकडी खेळणी भिजत घालू नका, ती फुगतात आणि तडकतात. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून वाळवा. कापडी बाहुली गरम पाण्यात साबणाने धुवा आणि आतपर्यंत वाळू द्या. सेल घातलेली खेळणी पाण्यात बुडवू नका, पुसून घ्या. तडकलेले, धार आलेले खेळणे टाकून द्या.

टीसीएल जपून वापरा. काम उघड्यावर करा. औषधाचे पाणी रोज ताजे करा. पावडरचा डबा घट्ट झाकून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. संडास धुण्याचे ॲसिड तिच्यात कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

रोज एवढे सगळे धुवायचे का? नाही. तोंडात जाणारी खेळणी रोज संध्याकाळी धुवा. बाकीची आठवड्यातून एकदा. मूल आजारी पडले तर त्याची खेळणी लगेच बाजूला काढा. पाण्याची टंचाई असेल तेव्हा निदान तोंडात जाणारी तरी सोडू नका. आणि मुलाला धुतल्यावर आपले हात साबणाने धुवा. नाहीतर धुतलेली खेळणी पुन्हा उष्टीच.

खेळणी थोडी असली तर काम हलके होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. पाने, फुले, बिया, शिंपले हेच तेथल्या मुलांचे साहित्य. महागड्या खेळण्यांवाचून मुलांचे अडले नाही. पान मळले की टाकावे, नवे आणावे. मात्र तीन वर्षांखालच्या मुलाला बी किंवा खडा देऊ नका, तो घशात अडकतो.

बंधूंनो, तुम्हालाही काम आहे. मावशीच्या घरी तुमचीच लेकरे असतात. संध्याकाळी दोन घागरी पाणी तेथे नेऊन द्या.

आणि भगिनींनो, आता तुम्हाला लिहिता येते. घरी गेल्यावर दोन टोपल्या घ्या. एकीवर लिहा 'धुतलेली'. दुसरीवर लिहा 'उष्टी'. मुलाच्या तोंडातून पडलेले खेळणे लगेच दुसऱ्या टोपलीत टाका. संध्याकाळी ती टोपली रिकामी झाली पाहिजे.

आमचे बोलणे संपले. कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.