आपल्या वसईतील जुन्या वास्तू

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाची परीक्षा दिली आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला, एवढीच माझी विद्या. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आम्हांला लहानपणी किल्ल्यात नेत होता, तसेच आज सर्वांना घेऊन चला." हा आग्रह मला मोडवेना. तेव्हा आज आपण बसल्या जागेवरून एक फेरी मारू.

चौथीचा वर्ग घेऊन मी किल्ल्यात किमान तीस वेळा तरी गेलो असेन. चौथीला शिवछत्रपतींचे चरित्र अभ्यासाला असते. त्यामुळे वेशीत पाऊल टाकताच दरवर्षी कोणीतरी मूल विचारी, "गुरुजी, महाराज इथे लढले होते का?" नाही, असे सांगताना जिवावर येई. हा किल्ला महाराजांच्या पश्चात एकोणसाठ वर्षांनी मराठ्यांच्या हाती आला, हे सांगून मी मुलांची समजूत घालीत असे.

किल्ल्याची हकीकत आपणांस ठाऊक आहे. ती थोडक्यात आटोपतो. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनी येथे सुमारे ११० एकरांचे तटबंदीचे शहरच वसविले आणि आपल्या उत्तर प्रांताचा कारभार येथून चालविला. दोनशे वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून तट फोडला आणि पोर्तुगीजांनी किल्ला स्वाधीन केला. पुढे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही या वसईतच. जेथे पराक्रम झाला त्याच गावी स्वातंत्र्य गहाण पडावे, हा योग मला नेहमीच बोचत आला आहे. असो.

मुलांना मी सनावळी फारशी सांगत नसे. जमिनीकडील दरवाजातून आत शिरताना वाट एकदम का वळते, हे विचारीत असे. कोणी म्हणे, "जागा कमी होती." मग एखादा चुणचुणीत मुलगा सांगे, "हत्ती धावत आला तर त्याला वळता येऊ नये म्हणून!" फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर जे कोरीव दगड आहेत ती थडगी आहेत, हे कळताच मुली पाय उचलून कडेने चालत. त्यांना कोणी तसे शिकविले नव्हते. संत जोसेफच्या मनोऱ्यातील गोल जिन्याने वर चढले म्हणजे एका बाजूस खाडी आणि दुसऱ्या बाजूस ताडामाडांची दाटी दिसे. आता माडांच्या वर इमारती दिसतात.

येथील दगड किती नामांकित होता म्हणाल, तर जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे शव जेथे आहे त्या बाँ जेझूच्या चर्चसाठी काळा दगड वसईहून नेला होता. येथून दगड गेला, आणि पुढे घंटाही गेल्या. त्या मात्र घाटावर गेल्या. मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून चर्चमधील घंटा नेऊन देवळांस वाहिल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळावर, भीमाशंकरी आणि वाईजवळ मेणवलीस त्या आजही पाहावयास मिळतात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियामातेची मूर्ती आणि १७०७ हा सन आहे. मी ती हाताने चाचपून पाहिली आहे. कृष्णाकाठी उभा राहून वसईची धातू हातास लागली, तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले.

किल्ल्यातील चर्चे ओसाड पडली. बाहेरची मात्र नांदती राहिली. पापडी, रमेदी, सांडोर, नंदाखाल, आगाशी या ठिकाणच्या धर्मग्रामांची मुळे पोर्तुगीज अमदानीत आहेत. इमारती पुन्हा पुन्हा बांधल्या गेल्या, पण भक्तमंडळी तीच राहिली. किल्ल्यातसुद्धा गोन्सालो गार्सिया या वसईच्या सुपुत्राच्या सणाला मिस्सा होतो. १५९७ साली जपानातील नागासाकी येथे त्यांस क्रुसावर चढविले आणि १८६२ साली संतपद मिळाले. आपल्या मुलांना हे माहीत असावे. शेजाऱ्याच्या घरातील मोठे माणूस आपण ओळखतोच ना!

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. ती परिचारिका म्हणून आयर्लंड देशी असते. तेथे सुटीच्या दिवशी लोक एका जिल्ह्यात फिरावयास निघतात ते सकाळी किल्ला, दुपारी चर्च आणि संध्याकाळी एखादे जुने घर पाहून परततात, असे तिने कळविले होते. किल्ला आणि चर्च मी समजू शकलो, पण घर? तिने किल्डेअर परगण्यातील कॅसलटाउन नावाच्या वाड्याचे वर्णन लिहिले होते. १७२२ च्या सुमारास बांधावयास घेतलेला तो वाडा १९६० नंतर विकला गेला व मोडकळीस आला. तेव्हा डेस्मंड गिनेस या गृहस्थाने १९६७ साली पदरचे पैसे घालून तो विकत घेतला. आता तो सरकार सांभाळते. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, "गुरुजी, तुमच्या ओटीवर आम्ही पाढे म्हणत होतो. ती ओटी आहे ना?"

त्या प्रश्नासाठीच मी आपणांस येथवर आणले.

किल्ल्याला पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. तेथे बाटल्या पडतात, लग्नाआधीचे फोटो काढणारे तटावर चढतात, हे सारे खरे. तरी दगड हलविण्याची कोणाची छाती नाही. चर्चला धर्मग्रामाचा आधार आहे. देवळांस विश्वस्त आहेत. अर्नाळ्याच्या किल्ल्यावरील शिलालेखात तर बांधणाऱ्या बाजी तुळाजीचे नावसुद्धा कोरून ठेवले आहे. आपल्या घरांस मात्र आपल्यावाचून कोणी नाही.

माझे घर आजोबांनी बांधले. दाराच्या चौकटीवर शके १८२९ कोरलेले आहे, म्हणजे इ. स. १९०७. काळ्या दगडाचे जोते, पुढे शेणाने सारवलेले खळे, ओटीस सागवानी खांब, खांबांवर पोपट कोरलेले हस्त. आत माजघर, त्याच्या अंगाला बाळंतिणीची काळोखी खोली. माझा जन्म तेथलाच. भर उन्हाळ्यात माजघरात पंखा लागत नसे. परसदारी वाडी, केळी आणि पानवेली, आणि बावखलावर रहाट. पहाटे बैल जुंपले की रहाटाची कुरकुर ऐकतच आम्ही जागे होत असू. आमच्या पलीकडे ख्रिस्ती शेजाऱ्यांचे घर आहे. तीच ओटी, तेच हस्त. फरक एवढाच, की आमच्याकडे देवघर आणि त्यांच्याकडे आल्तार. दोन्ही घरे एकाच सुताराने बांधली, असे आजोबा सांगत. त्या सुताराचे नाव मी त्यांना कधी विचारले नाही, आणि आता विचारण्यास कोणी उरले नाही.

आता जे सांगावयाचे ते सांगताना मान खाली जाते. २०११ च्या पावसाळ्यात ओटीची एक बाजू खचली. जुना सुतार मिळेना, सागाचा भाव परवडेना. मी तेथे सिमेंटचे खांब उभे केले आणि काढलेले दोन खांब, हस्तांसकट, जुने लाकूड घेणाऱ्यास विकले. जे पैसे आले ते स्लॅबलाही पुरले नाहीत. त्याच वर्षी सहलीत मी नेहमीप्रमाणे मुलांना बजावले, "येथील एक खडाही उचलायचा नाही, हा आपला ठेवा आहे." माझ्याकडे शिकवणीला येणारी एक मुलगी शेजारी उभी होती. ती सहज म्हणाली, "गुरुजी, तुमच्या खांबावरचे पोपट कुठे गेले?" मी तिला उत्तर दिले नाही. वर्गाला रांगेत उभे केले आणि पुढे निघालो.

हल्ली आमच्या घराचे पाच वाटेकरी आहेत. चौघांनी इमारत बांधून घेण्यास संमती दिली आहे. पाचवी सही माझी राहिली आहे. भाऊबंद चुकीचे बोलतात असे मी म्हणणार नाही. कौले गळतात, सुनांना स्वतंत्र न्हाणीघर हवे, मुलांना खोल्या हव्यात. आणि जुन्या घराची डागडुजी निवृत्तिवेतनावर होत नाही. मी वैशाखापर्यंत मुदत मागितली आहे. काय करीन ते आज सांगवत नाही.

परंतु मंडळापुढे एक विनंती ठेवतो. आपल्या गावागावांत अशी घरे अजून उभी आहेत. कोणती किती दिवस राहतील, याचा भरवसा नाही. मंडळाने एक नोंदवही घालावी. प्रत्येक घराची चौकटीवरील साल, खणांची संख्या, लांबीरुंदी, घर बांधणाऱ्याचे नाव, आणि घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीने सांगितलेल्या आठवणी तीत लिहाव्यात. वृद्ध स्त्रीने असे मुद्दाम म्हणतो, कारण पुरुष जमिनीचे दावे सांगत बसतात. आपल्यातील स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी नकाशे काढावेत. घर पाडणे अटळच झाले, तर निदान चौकट आणि एक खांब मंडळाच्या सभागृहात आणून उभा करावा. लाकूडवाल्याने त्याचे काय दिले असते, हे मला नेमके ठाऊक आहे. ती रक्कम सांगण्याइतकीही मोठी नव्हती.

येत्या रविवारी ज्यांना सवड असेल त्यांनी सकाळी सात वाजता किल्ल्याच्या वेशीपाशी यावे. तेथून रमेदीवरून आपण माझ्या घरी येऊ. मोजमापाची फीत मी आणून ठेविली आहे. चहा ओटीवरच होईल. झोपाळा अजून आहे, कड्या तेवढ्या वाजतात.