शिवारातला जागल्या

घुबडाला आपण सगळ्या भाषांतून मिळून बदनाम केले आहे. मराठीत ते अपशकुनी. आमच्या घरच्या दखनीत 'उल्लू' म्हणजे मूर्ख. उर्दू-फारसी शायरीत 'बूम' म्हणजे उजाड वस्तीची खूण. आणि त्यालाच लक्ष्मीचे वाहन म्हणणारेही आपणच! आज प्रतिमा बाजूला ठेवू आणि पक्षी पाहू.

मराठवाड्यात ओळखीची घुबडे तीन. पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या पिंगळ्याला ज्याची भाषा कळते म्हणतात, तो चिंचेच्या, कडुनिंबाच्या ढोलीतला ठिपकेदार पिंगळा. जुन्या वाड्यांत, गढ्यांत राहणारे, पिंपळपानासारख्या पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड. आणि ओढ्याच्या दरडीत, खडकाच्या कपारीत अंडी घालणारे मोठे शृंगी घुबड.

त्याच्या ज्या गोष्टींची आपल्याला भीती वाटते, ती त्याची कामाची अवजारे आहेत. ते टक लावून बघते, कारण त्याचे नळीसारखे मोठे डोळे कवटीत घट्ट बसलेले असतात, खोबणीत फिरत नाहीत. म्हणून मान फिरवावी लागते. आपल्या मानेत मणके ७, त्याच्या मानेत १४. ती सुमारे २७० अंशांपर्यंत वळते.

गव्हाणी घुबड भुतासारखे आवाज न करता येते. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, मागे मऊ झालर आणि वर मखमली लव. उंदराला चाहूल लागत नाही. शिवाय स्वतःच्या पंखांचा आवाज आड येत नसल्याने उंदराची खसफस घुबडाला नीट ऐकू येते. त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात; त्यामुळे आवाज किती खालून आला हेही कळते. चेहऱ्यावरची पिसांची तबकडी सुपासारखी आवाज गोळा करते. रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने गेल्या शतकात काळोख्या खोलीत वाळल्या पानांवर उंदीर सोडून दाखवले, की हे घुबड नुसत्या कानांवर शिकार साधते.

घुबड उंदीर अख्खा गिळते आणि हाडे-केसांची गोळी ओकून टाकते. त्याच्या बसायच्या जागेखाली अशी गोळी सापडली, तर पाण्यात भिजवून उकला. आत उंदरांच्या कवट्या मिळतील. शिवारातल्या जागल्याचा हा जमाखर्च.

आमची अम्मी सांगायची, "घुबडाला ढेकूळ मारू नको रे. ते ढेकूळ उचलून नदीत टाकतं, अन् ढेकूळ विरघळतं तसा माणूस झिजतो." समज खुळा खरा, पण त्याने कित्येक घुबडे वाचली असतील.

दुसरे समज मात्र जीव घेतात. अघोरी पूजेसाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. तरीही देशातल्या सुमारे ३० जातींपैकी १५ जातींचा व्यापार होत असल्याचे 'ट्रॅफिक इंडिया'ने २०१० मध्ये नोंदवले.

आणखी एक मरण आपण नकळत पेरतो. ब्रोमाडायोलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून फिरतो. असा उंदीर घुबडाच्या तावडीत आधी सापडतो, आणि विष पुढे जाते. जे कान अंधाराला हरवतात, त्यांना विष ऐकू येत नाही. त्यात जुन्या वाड्यांच्या जागी स्लॅब आले, बांधावरची ढोलीची झाडे आरायंत्रावर गेली. हजारो पिढ्यांत घडलेले हे शरीर एका पिढीत कसे बदलणार?

आपल्याच राज्यात रान पिंगळा १८८४ नंतर दिसेनासा झाला होता. तो संपला असेच अनेकांनी धरले. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, कारण त्याच्यापुरते रान तिथे उरले होते.

आपणही थोडे उरवू या. बांधावरचे ढोलीचे एखादे झाड राहू द्या. उंदरांसाठी विषाआधी पिंजरा लावा. हरभऱ्यातल्या अळीसाठी आपण पक्षिथांबे उभारतोच. रात्री ते पिंगळ्याच्याही कामी येतील. या जागल्याला पगार नको, फक्त बसायला जागा हवी.