कानांनी वाचलेली 'मूनस्टोन'



एकाने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, हे आपणांस नवे नाही. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही रहस्यकादंबरी १८६८ साली चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली, तेव्हा इंग्लंडातल्या घरांतूनही असे मोठ्याने वाचन चाले. परवा तीच कादंबरी मी कॉलेजात जाता-येता, एस.टी.त उभ्याने, मोबाईलवर ऐकली.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडले. त्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने देवाचा पिवळा हिरा पळवला, अशी कल्पना. पुढे तो यॉर्कशरच्या एका हवेलीतून रातोरात नाहीसा होतो. चोर कोण, ते सांगत नाही. तुम्ही मला शिव्या द्याल! पण तऱ्हा पाहा: कोर्टात साक्षीदार उभे राहावेत तशी एकेक माणसे आपण पाहिले तेवढेच सांगतात. म्हातारा कारभारी बेटरेज तर असा गप्पिष्ट, की बोलता बोलता आपल्या लाडक्या 'रॉबिन्सन क्रूसो'कडे वळतो. कानाला मोठा गोड लागतो.

हवेलीत रोझॅना नावाची मोलकरीण आहे. पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेली, एका खांद्याने अधू. पाहुणा आलेल्या फ्रँकलिन ब्लेकवर तिचा जीव जडतो. त्याचे तिच्याकडे लक्षही नाही. शेवटी ती समुद्रकाठच्या रुतत्या वाळूत जीव देते. मागे त्याच्यासाठी एक लांबलचक पत्र. त्याला ते पुरते वाचवत नाही. मध्येच तो ते बेटरेजपुढे सरकवतो: तूच वाच, कामाचे असेल तेवढे सांग.

एम.ए.ला असताना मीही तेच केले. चोर कळायची घाई! पाने उलटली. पुढे पंधरा वर्षे वर्गात सांगत आलो, "पत्राचा सारांश पाहा, पुरे."

मोबाईलवरही पुढे सरकवायची सोय असते, नाही असे नाही. पण एक हात एस.टी.च्या दांडीला, दुसऱ्यात पिशवी. पत्र सबंध ऐकावे लागले. मालकिणीच्या मुलीने त्याला दिलेले गुलाब रोझॅना गुपचूप काढून टाकी आणि त्याच्या पेल्यात आपले ठेवी. तो तेच कोटाला लावून हिंडे. एवढे तिचे सुख. हे मी कधी वाचलेच नव्हते.

यंदा वर्गात ते पत्र सबंध ऐकवले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, फ्रँकलिननं राहिलेलं वाचलं का नंतर?" मला सांगता येईना. पुस्तक उघडले. उरलेले पत्र आपल्याजवळच्या मूळ कागदावरून उतरून देतो, असे फ्रँकलिन स्वतःच लिहितो.

म्हणजे कागद त्याने जपून ठेवला होता.