हाताची विद्या आणि हाताचे नाव

(विहाराच्या वर्धापनदिनी तळमजल्यावरील कलादालन खुले करताना केलेले भाषण)



भाषण लांबवायचे नाही, असे समितीने आम्हाला बजावले आहे. सगळ्यांना दालन बघायची घाई आहे आणि खिरीचा वासही येऊ लागला आहे. तरी चार शब्द बोलणे भाग आहे. कारण हे दालन करायचे ठरले तेव्हा आपल्यातच वाद झाला होता. तो झाकून ठेवण्यापेक्षा चारचौघांत बोललेला बरा.

दालन म्हणजे काय, तर दहा बाय बाराची खोली. कालपर्यंत तिथे सतरंज्या, खुर्च्या आणि जयंतीचे सामान पडलेले असायचे. आज ती आपल्याच गल्ल्यांतल्या माणसांच्या हातच्या वस्तूंनी भरली आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या आपल्या पेंटरने काढलेले बाबासाहेब आहेत. सुतारकाम करणाऱ्या भावाने सागवानी फळीत कोरलेले चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आहे. प्लास्टरची बुद्धमूर्ती तर साच्यासकट ठेवली आहे, म्हणजे मूर्ती कशी ओततात ते मुलांना कळेल. आयाबायांनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा आहेत. ढोलकी आहे, बांबूची सुपे आणि टोपल्या आहेत, झाडू आहे आणि चामड्याच्या वहाणाही आहेत.

वाद झाला तो शेवटच्या वस्तूंवरून. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "बाबासाहेबांनी ही कामं सोडायला लावली. तीच आता विहारात मांडून ठेवायची?" बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी मेलेली ढोरे ओढली, त्यांच्या मनात ती सल आहे आणि ती खरी आहे. पण आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्याच कार्यात आहे, आणि तेही १९२८ या एकाच वर्षात.

त्या वर्षी मार्च महिन्यात बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका, गावाचे आणि सरकारचे काम करायचे. एकाला बोलावले आणि तो नसला, तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भीक. ही गुलामी मोडायला बाबासाहेब उभे राहिले. ही वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्यानंतर, त्यांच्या महापरिनिर्वाणाच्याही नंतर.

त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. गिरणीत काम केलेल्या आम्हा लोकांना साचेखाते म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, पण मुलांसाठी सांगतो. कापड विणायचे ते खाते, आणि तिथे पगार जास्त. धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागायचे. आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून आपल्याला साचेखात्यात प्रवेशच नव्हता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारले, आमच्या माणसांना सर्व खात्यांत काम मिळण्याची मागणी तुम्ही घालणार की नाही? शेवटी ती त्यांना घालावी लागली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. एका हाताने बाबासाहेब लादलेले काम भिरकावून देत आहेत आणि दुसऱ्या हाताने कसबाच्या कामाचे बंद दार ठोठावत आहेत. हाताच्या कामाचाच त्यांना तिटकारा असता, तर साच्यासाठी ते कशाला भांडले असते? १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये त्यांनी हेच मांडले आहे की जात ही केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. तेव्हा वहाण वाईट नाही. ती जन्मावरून कुणाच्या माथी मारणे वाईट. सूप वाईट नाही. सूप करणाऱ्याला दाराबाहेर उभे करणे वाईट.

आपल्या धम्माच्या इतिहासात कारागीर दाराबाहेर नव्हता. सांचीच्या स्तूपाला दक्षिणेकडे जे तोरण आहे, त्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी हे कोरीवकाम केले, असे त्यात सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रातले पितळखोरे घ्या. कन्नड तालुक्यातली ही लेणी. तिथे मिळालेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, धंदा सोनाराचा. राजाचे नाव नाही, मूर्ती करणाऱ्याचे आहे!

नाशिकच्या लेण्यांतला लेख तर आम्हा कापडवाल्यांना फारच जवळचा. नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून दिले. ठेवले कुणाकडे? विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल तसेच राहायचे आणि व्याजातून भिक्खूंना चीवर आणि खर्च मिळायचा. राजघराण्याने विश्वास टाकावा, अशी विणकरांची पत होती.

म्हणून समितीने ठरवले की दालनातल्या प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचे नाव असेल. हे सोपे गेले नाही. वाकळेखाली लिहायला नाव विचारले, तर एक आजी म्हणाल्या, "अहो, आमच्या थोरल्याची आई म्हणून लिहा, मला कोण ओळखतं?" आम्ही म्हटले, आजी, टाके थोरल्याने घातले का? तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनी स्वतःचे नाव सांगितले. आत गेल्यावर ती पाटी जरूर वाचा.

एक प्रश्न विचारतो. संसद भवनाच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा आपण सगळ्यांनी फोटोत पाहिला आहे. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे अनावरण केले. तो घडवला कुणी? शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी. हे नाव आपल्या मुलांना तोंडपाठ पाहिजे.

दालन लहान आहे म्हणून कमीपणा मानू नका. २०१६ साली आपल्याच मुंबईत, धारावीत, चाकांवर ढकलत नेता येईल एवढे छोटे संग्रहालय उभे राहिले होते. धारावीत राहणाऱ्यांनी केलेल्या वस्तूच त्यात मांडल्या होत्या. बाहेरून आलेल्या कलावंतांनी काही काळापुरता केलेला तो उपक्रम होता. आपले दालन इथल्याच माणसांचे आहे. त्यामुळे ते टिकवायचे कामही इथल्याच माणसांचे.

त्यासाठी तीन गोष्टी मागतो.

पहिली. "समाजाचं काम आहे, पैसे कसले मागतोस?" हे वाक्य आजपासून बंद. जयंतीचा मंडपवाला पैसे घेतो, लाउडस्पीकरवाला घेतो, मग पेंटरनेच फुकट का रंगवायचे? दालन बघून कुणी काम सांगितले, तर पूर्ण दाम करणाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत.

दुसरी. फ्लेक्सने ब्रशचे काम खाल्ले. आपले पेंटर दर रविवारी धम्मवर्गानंतर तासभर अक्षरे काढायला शिकवायला तयार आहेत. मुलगे पाठवा, मुलीही पाठवा. पोरगं इंजिनिअर झालं तरी हातात अक्षर असलेलं काय वाईट?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्या चाळींच्या पुनर्विकासाच्या बैठका सुरू आहेत. नकाशात विहाराला जागा मागताना या खोलीचीही मागणी लेखी घाला. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आज कागदावर नसलेली खोली उद्या इमारतीत नसते. या महिन्याच्या आत सह्यांचा अर्ज तयार करायचा आहे. वही दाराशी ठेवली आहे.

ज्या ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली होती, त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो. त्यांनी विचारले म्हणून आपल्याला विचार करावा लागला. वहाणांच्या कपाटावर लावलेली पाटी त्यांनीच सुचवली आहे: "हे काम आता कुणावरही लादलेले नाही. हे कसब आहे."

दालन उघडे आहे. आधी लहान मुलांना आत सोडा, मग आपण जाऊ.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!