सामाईक अंगणाची घरे

मंडळी, गावात घर बांधायला काढले की पूर्वी दोन प्रश्न असत: दगडमाती कुठून आणायची आणि हाताशी माणसे किती. ज्याची पांढरीत वडिलार्जित जागा होती, त्याला जागेचा घोर नसे. आज तोच घोर सर्वांत मोठा झाला आहे. तिसगावचेच पाहा. कल्याणहून नगरमार्गे पाथर्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. अशा रस्त्याकडेच्या जमिनीत बाजरी किती पिकते हे कोणी विचारत नाही; तिथे दुकान चालेल का, एवढेच विचारतात. मग ज्याला नुसते राहायचे आहे, त्यालाही दुकानदाराच्या भावाने गुंठा घ्यावा लागतो.

याची झळ कोणाला लागते, ते पाथर्डी तालुक्यातल्या गुरुजींना सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास जी मुले वर्गातून गळू लागतात, त्यांतल्या कितीकांचे आईबाप ऊसतोडीला निघालेले असतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून एका साली पाया, दुसऱ्या साली भिंती, असे त्यांचे घर वर येते. पत्रे चढेपर्यंत सिमेंटचा भाव पुढे गेलेला असतो.

तेव्हा आज एक हिशेब मांडू या. दहा कुटुंबांनी मिळून जमीन घेतली, शेजारीशेजारी घरे बांधली आणि काही गोष्टी सामाईक ठेवल्या, तर घर परवडेल काय?

खरे सांगायचे तर भिंत त्याने स्वस्त होत नाही. वीट ती वीट आणि गवंडी तो गवंडी. एकदम माल घेतला तर थोडीफार घासाघीस जमते, इतकेच. बचत होते ती दुसरीकडे. आपण प्रत्येक जण पाहुण्यांसाठी म्हणून एक खोली काढतो. ती वर्षातले किती दिवस उघडते? समजा, ही खोली 120 चौरस फुटांची आहे. दहा घरांच्या मिळून 1,200 फूट झाल्या. त्याऐवजी दहा जणांत 500 फुटांची एक पडवी आणि दोन खोल्या बांधल्या, तर 700 फूट बांधकाम वाचले. फुटाला दीड हजार रुपये धरले, तर साडेदहा लाख. म्हणजे घरटी एक लाख पाच हजार. दर तुम्ही आपल्या गावचा घाला. शिवाय दहा बोअर पाडावे लागत नाहीत. आपल्या अवर्षणाच्या मुलखात एका बोअरला पाणी लागले तरी नशीब! साखरपुडा, बारसे त्या पडवीतच होते, आणि आईबाप उसाच्या फडावर असताना मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे कोणाचे तरी लक्ष राहते.

ही कल्पना काही परकी नव्हे. जुन्या वाड्यात चौक आणि आड सर्वांचा असेच. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तीत श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा पुढाकार होता. डेन्मार्कमध्ये 1972 साली 27 कुटुंबांनी अशीच वस्ती केली: ज्याचे त्याचे घर वेगळे, जेवणाखाण्याचे मोठे घर मात्र सर्वांचे. परंतु हे सारे बऱ्यापैकी मिळवते लोक. गरिबाला हे साधते का, याचे उत्तर आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे.

सोलापूरच्या बाहेर अक्कलकोट रस्त्याला कुंभारी नावाचे गाव आहे. तिथे विडी वळणाऱ्या बायकांनी, नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने, सहकारी संस्था करून 10,000 घरांची वसाहत उभी केली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. 2006 साली ती घरे ताब्यात मिळाली. खर्चाचा एक वाटा केंद्राने, एक राज्याने आणि एक खुद्द कामगार बाईने उचलला. त्याच परिसरात पुढे रे नगर ही 30,000 घरांची योजना निघाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी तिच्यातल्या 15,000 घरांचे लोकार्पण झाले. हे जमले कशाने? एकेकटी बाई कचेरीत गेली असती, तर तिला दारातूनच परत लावले असते. हजारोंची संस्था गेली, तिला बसायला खुर्ची मिळाली. आणि जमीन घेतली ती शहराबाहेरची, जिथे भाव कमी होता. अर्थात लांबच्या जमिनीला मोल पडतेच. विडीचे काम घरी बसून होते म्हणून त्या बायकांना अंतर सोसले. ज्याला रोज पहाटे कामावर हजर व्हायचे आहे, त्याने स्वस्त म्हणून चार मैल आत जागा घेतली, तर वाचलेला पैसा पेट्रोलमध्ये जातो आणि मुलांची शाळा सुटते ती वेगळीच.

जमिनीची आणखी एक गोम आहे, बरं का. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे बारीक तुकडे विकण्यावर बंधन घातले. त्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, तरी साध्या मुद्रांकावर गुंठा घेऊन बसलेली, सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे तुमच्याही ओळखीची असतील. त्यांना बँक कर्ज देत नाही. दहा जणांनी वकिलाची फी वाटून घेऊन, बिनशेती परवानगीचा नकाशा पाहून एकच सरळ खरेदीखत केले, तर हा फास टळतो. ज्याच्याकडे मुळीच जागा नाही, अशा घरकुलाच्या लाभार्थ्याला जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत मदत मिळू शकते. ग्रामसेवकाकडे चौकशी करावी.

आता तुम्ही म्हणाल, काय हो, जिथे दोन सख्ख्या भावांचा बांध एका जागी राहत नाही, तिथे दहा घरांचे अंगण एक राहील का? शंका रास्त आहे. उरुग्वे या दूरच्या देशात 1968 च्या कायद्यापासून ज्या परस्परसाहाय्याच्या गृहसंस्था चालल्या, त्यांनी यावर तोडगा काढला. आपल्या इर्जिकीसारखे प्रत्येक कुटुंब बांधकामावर आठवड्याला 21 तास राबते. ज्याने शेजाऱ्याची भिंत उचलली, तो सहसा तिच्यावरून भांडत नाही. घर संस्थेचे राहते, कुटुंबाला राहण्याचा हक्क. सोडून जाणाऱ्याला त्याने घातलेला वाटा परत मिळतो, बाजारभाव मिळत नाही. इथे खरी मेख आहे. पहिल्या दहांना घर स्वस्त पडले आणि पाच वर्षांनी त्यांतल्या एकाने ते चौपट दराने विकले, तर अकराव्याची अवस्था पुन्हा पहिल्यासारखीच. म्हणून विक्रीचे बंधन काय आणि किती घालता येईल, ते पोटनियम लिहितानाच तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारून ठरवावे. घरे झाल्यावर ते कोणी ऐकत नाही.

गुरुजी, यात तुमचे काम हिशेबाचे. दर महिन्याला जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना अक्षर लागत नाही त्या आजीबाईही चूक काढतील. पण तहहयात अध्यक्ष मात्र होऊ नका. आणि जमीन पाहायला जाण्याआधी एक वर्षभर दहा जणांनी ठरलेली रक्कम बँकेच्या एकाच खात्यात भरून पाहावी. जो चौथ्या महिन्यात थांबेल, त्याला तेव्हाच सोडता येईल. पाया खणल्यावर सोडणे जड जाते.