मुद्रा आणि राज्यशासन



आजच्या विषयाचे नाव मोठे असले तरी वस्तू अगदी लहान आहे. पोत्याची दोरी बांधावी, गाठीवर मऊ पदार्थाचा गोळा थापावा आणि त्यावर ठसा उमटवावा, एवढीच ती युक्ती. तो गोळा फोडल्यावाचून पोते उघडत नाही, आणि फोडला की चोरी लपत नाही. राजा एक, प्रांत अनेक. जेथे राजा स्वतः जाऊ शकत नाही, तेथे त्याची मुद्रा जाते. दूरचे राज्य चालते ते पुष्कळसे या विश्वासावर.

रोमन लोक यासाठी शिसे वापरीत. शिसे स्वस्त, मऊ आणि पावसात न विरघळणारे. उत्तर ब्रिटनमध्ये साउथ शील्ड्स येथे रोमन सैन्याचे धान्य पुरवणारे ठाणे होते. इ. स. २०८ ते २११ या काळात सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याने उत्तरेकडे मोहीम काढली. त्याच्या व त्याच्या दोन पुत्रांच्या मुखवट्यांचे शिशाचे ठसे तेथे सापडले आहेत. ब्रफ येथे पलटणींची नावे असलेले ठसे मिळाले. त्यांतील काहींवर मागील बाजूस खाणीच्या धातूचा उल्लेख आहे. कोणता माल कोणाच्या जबाबदारीवर निघाला, हे त्या टिकलीएवढ्या शिशावरून आज कळते. ही रीत आपल्यालाही परकी नाही. वाण्याच्या लोखंडी वजनात ओतलेले शिसे आणि त्यावरील निरीक्षकाचा ठसा पाहा. विश्वास आजही शिशावरच उमटतो.

आपल्या विदर्भात हे काम मातीने केले. नागपूर जिल्ह्यातील अडम येथील उत्खननात 'अस्सक जनपदाचा' अशा अर्थाची ब्राह्मी अक्षरे असलेला मातीचा ठसा मिळाला. येथे राजाचे नाव नाही. जनपदच आपल्या नावाने बोलते. पुढे वाकाटकांच्या काळी दानपत्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरली जाऊ लागली. पत्र्यांना भोक पाडून त्यांत कडी ओवीत आणि कडीला मुद्रा जोडीत. मधला पत्रा काढणे किंवा नवा घालणे अशक्य व्हावे, हा त्यातला हेतू. मराठेशाहीत पत्राच्या शेवटी मोर्तब होई, म्हणजे त्यापुढे कोणी ओळ वाढवू नये. 'शिक्कामोर्तब' हा आपला शब्द तेथूनच आला. युक्ती निराळी, शंका मात्र तीच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पतीच्या निधनानंतर अल्पवयी पुत्र दिवाकरसेन याच्या वतीने तिने राज्य चालवले. तिचा पुणे येथील ताम्रपट तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून दिलेला आहे. त्याच्या मुद्रेवर हे युवराजाच्या जननीचे शासन आहे, असे म्हटले आहे. राणीचे नाव मुद्रेवर नाही! महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी याच नागपुरात बसून हे लेख अभ्यासिले. त्यांचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा ग्रंथ १९५७ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. तोवर पुराव्यासाठी मुख्य आधार ताम्रपटांचाच होता.

पुढे २०१५ ते २०१८ या काळात रामटेकजवळच्या नगरधन येथे उत्खनन झाले. नगरधन म्हणजेच प्राचीन नंदिवर्धन, असे मानले जाते. तेथे मातीचा एक लंबगोल ठसा निघाला. त्याचे वजन सुमारे साडेसहा ग्रॅम. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे.

हे दोन पुरावे शेजारी ठेवून पाहावेत. ताम्रपट पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाचा. तेथे तिचा अधिकार पुत्राच्या नात्याने सांगितला गेला. मातीचा ठसा रोजच्या व्यवहाराचा. तेथे ती स्वतःच्या नावाने उभी आहे. एका ठशावरून फार मोठे अनुमान काढू नये, हे आम्ही जाणतो. तथापि राजमाता ही केवळ शोभेची नव्हती, तिच्या नावाने राजधानीत कारभार होत होता, असे आम्हांस वाटते. कायद्याची भाषा आणि कारभाराची भाषा नेहमी एक असतेच असे नाही.

श्रोतेहो, ताम्रपट सापडला तर शेतकरी तो जपतो, निदान मोडीच्या भावाने विकतो. मातीच्या गोळ्याला मोडीचाही भाव नाही. नांगराच्या फाळाने तो फुटतो, विटांच्या मातीत मळला जातो. विदर्भातील जुनी पांढरी खणली जात असता असा किती इतिहास भट्टीत जात असेल! म्हणून आपल्यापैकी ज्यांची गावे अशा पांढरीच्या कडेला आहेत, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की ठसा उमटलेले ढेकूळ दिसले तर ते धुऊ नये, खरवडू नये. कोठे मिळाले ते टिपून पुरातत्त्व खात्यास कळवावे. पाठीमागे दोरीचा वळ असेल, तर तोही अक्षरांइतकाच बोलका असतो. कारण त्या दोरीने काय बांधले होते, याचा माग तेथूनच लागतो.